कंपाउंडाबाहेर गेलेलं पाणी

नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव वार्षिक सभेत एकमताने मंजूर झाला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. कारणं सगळी रास्त होती. पावसाळ्यात चिखल व्हायचा, गाड्यांची चाकं रुतायची, मागच्या बाजूला गवत माजून डास व्हायचे. आवाराचा उतार गेटकडे ठेवू, म्हणजे आत पाण्याचा थेंब साचणार नाही, असं कंत्राटदाराने सांगितलं आणि ते सगळ्यांना फार आवडलं. गेटबाहेर गेलेलं पाणी पुढे कुठे जाईल, हे कोणी विचारलं नाही. त्या सभेचं इतिवृत्त मी अलीकडेच काढून वाचलं. त्यात रंगाबद्दल चर्चा आहे, लाल की राखाडी. पाण्याबद्दल एक ओळ नाही.

पुढच्या जुलैत एका रात्री मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली. सकाळी आमचं आवार लख्ख धुऊन निघालं होतं. रस्त्याच्या खालच्या टोकाला मात्र बैठ्या घरांत गुडघाभर पाणी होतं. आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करणाऱ्या बाई तिथेच राहतात. त्या दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, फ्रीज पलंगावर चढवला, पण गव्हाचं पोतं खालीच राहिलं."

हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचा भूखंड दोन हजार चौरस मीटरचा. दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे जुलैत तो सहज पडतो, तर दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. टँकर आपल्या दारात येतो तेव्हा पावती फाडून जातो. आम्ही हे वीस टँकर खालच्या अंगाला सोडून दिले आणि त्याचं बिल आमच्याकडे आलं नाही. ते त्या गव्हाच्या पोत्यावर निघालं.

कोणी म्हणेल, जुलैत चिखलाची जमीनही पाणी पिऊन तृप्त असते, ती कुठे सगळं मुरवणार होती? बरोबर आहे, सगळं नसतं मुरलं. पण माती, गवत, खाचखळगे पाण्याला अडवतात, रेंगाळू देतात. पेव्हरवरून ते पाच मिनिटांत गटारात पोचतं. आणि नवी मुंबईत पाणी किती पडलं याइतकंच ते किती वेळात नाल्याशी पोचलं याला महत्त्व आहे. त्याचं कारण भरतीच्या वेळापत्रकात आहे, ते पुढे सांगतो.

एकाने केलेल्या व्यवहाराचा खर्च व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यावर पडतो, त्याला अर्थशास्त्रात बाह्यता म्हणतात. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२०मध्ये या विचाराची नीट मांडणी केली. करणाऱ्याचा खर्च आणि समाजाचा खर्च यांत अंतर पडलं तर बाजारातली किंमत खोटं बोलू लागते, आणि ती खरी करायची तर त्या अंतराएवढा कर करणाऱ्यावर बसवावा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सभेत ठेवलेल्या कोटेशनमध्ये ब्लॉक होते, वाळू होती, मजुरी होती. खालच्या घरांत शिरणारं पाणी नव्हतं. ते त्यात असतं, तर मला खात्री आहे, आम्ही निदान अर्धं आवार मातीचं ठेवलं असतं. आम्ही वाईट माणसं नव्हतो. आमच्यापुढे अपुरा आकडा ठेवला होता, आणि तो पुरा करून मागायची सवय आम्हाला नव्हती.

आता याचीच दुसरी बाजू. एकाचा त्रास दुसऱ्यावर पडतो तशी एकाची सोय सगळ्यांना मिळते, अशाही वस्तू असतात. त्यांना सार्वजनिक वस्तू म्हणतात, आणि या शब्दाने आपल्याकडे भलताच घोळ होतो. सार्वजनिक म्हणजे सरकारी, असं आपण धरून चालतो. पॉल सॅम्युअलसन यांनी १९५४मध्ये जी कसोटी मांडली ती वस्तू कोण पुरवतं याची नाहीच. तुम्ही वापरल्याने माझ्या वाट्याचं कमी होतं का, ही त्या कसोटीची एक बाजू. पैसे न भरणाऱ्याला वगळता येतं का, ही पुढच्या अभ्यासकांनी तिला जोडलेली दुसरी. या मापाने मोरबे धरणाचं पाणी महापालिकेचं असूनही खासगी वस्तू ठरतं. माझ्या पिंपात पडलेली बादली तुमच्या पिंपात पडत नाही, आणि बिल थकलं तर नळ तोडता येतो. मोरबे महापालिकेच्या मालकीचं आहे, त्याची क्षमता दिवसाला ४५ कोटी लिटरची, आणि स्वतःचं धरण असल्याचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाही. पण त्या पाण्याला मीटर आहे. मीटर आहे म्हणून पैसा येतो, पैसा येतो म्हणून पाइप फुटला की माणूस येतो.

नवी मुंबईत जी खरी सार्वजनिक वस्तू आहे तिला मीटर नाही. ती म्हणजे धारण तलाव. बोलताना सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात.

१७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, नव्या शहरासाठी ठरली. यातला खाडीलगतचा मोठा पट्टा दलदलीचा, खाजणाचा. भराव घातला तरी उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी कित्येक ठिकाणच्या जमिनीपेक्षा वर चढतं. मग पावसाचं पाणी बाहेर काढायचं कसं? त्यासाठी डच पद्धत म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था केली गेली. नाले थेट खाडीत न सोडता आधी मोठ्या तलावात आणायचे आणि तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा बसवायच्या. भरती चढली की तिच्या दाबाने झडपा मिटतात. ओहोटी लागली आणि आतली पातळी बाहेरच्याहून उंच झाली की उघडतात. भरती-ओहोटीचं चक्र सुमारे साडेबारा तासांचं. झडपा मिटलेल्या असतात त्या काही तासांत शहरावर पडलेला सगळा पाऊस त्या तलावात मावला पाहिजे. म्हणून पाण्याच्या वेगाला महत्त्व. तास-दोन तास उशिरा पोचलेलं पाणी ओहोटीबरोबर निघून जातं. घाईने पोचलेलं पाणी तलाव भरल्यावर उलटं रस्त्यावर फिरतं. मोरीत बोळा अडकल्यावर होतं तसंच, फक्त इथे मोरी म्हणजे आख्खा सेक्टर.

वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, सगळीकडे असे तलाव आहेत. नेरूळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' धारण तलावाभोवतीच आहे. तिथे रोज सकाळी फिरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते बागेतलं शोभेचं तळं वाटतं. तलावाने जुलैत आपलं काम चोख केलं तर काहीच घडत नाही. घर कोरडं राहिल्याची बातमी कुठे छापून येत नाही.

आणि तो सगळ्यांना एकसारखा राखतो. एका सोसायटीने पैसे दिले आणि शेजारच्या सोसायटीने दिले नाहीत, म्हणून शेजारच्यांच्या वाट्याचं पाणी वेगळं काढून त्यांच्या जिन्यात सोडता येत नाही. म्हणूनच कोणी आपणहून पैसे देत नाही. फुकट मिळतंय तर मीच का भरू, असं प्रत्येकाला वाटतं, आणि प्रत्येकाचं बरोबरच असतं. सगळ्यांचं बरोबर असूनही गाळ साचत जातो.

ही झडपेची युक्ती हॉलंडहून आली असं आपण म्हणतो, पण खाडीकाठच्या आगरी गावांना ती नवी नव्हती. खारजमिनीत भातशेती करायची तर खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध घालावा लागे आणि त्या बांधात पाणी सोडायला दार ठेवावं लागे. त्याला उघाडी म्हणतात. भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. पामबीच रस्त्याच्या अलीकडच्या एका गावठाणातल्या आजोबांशी मी याबद्दल बोललो. त्यांना उघाडीच्या लाकडापेक्षा तिच्या पाळीबद्दल जास्त सांगायचं होतं. रात्री उघाडीवर कोणी जायचं ते आधी ठरलेलं असे. बांधाला खांड पडली की ज्याचं शेत बांधाआड आहे त्या प्रत्येक घरातून माणूस यायचाच. न येणाऱ्याचं काय व्हायचं, असं मी विचारलं. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "न येऊन कसा चालंल?" एवढंच म्हणाले.

खारबांधाची ती व्यवस्था मी सोन्याची करून सांगत नाही. बांध फुटायचे, पीक जायचं, गरिबाच्या अंगावर जास्त काम पडत असणारच. १९४८ साली खारजमिनींचा कायदा करून सरकारला त्यात उतरावं लागलं ते उगाच नाही. पण बांध ही सार्वजनिक वस्तू आहे हे त्या गावांना ठाऊक होतं आणि तिच्या खर्चाची वाटणी त्यांनी ठरवून घेतली होती. शहर आलं तेव्हा बांध भरावाखाली गेले आणि पाळ्या ठरवणारी माणसं प्रकल्पग्रस्त झाली. झडप आपण ठेवली, मोठी आणि लोखंडी केली. झडपेची पाळी कोणाची, हे ठरवायचं राहिलं ते आजतागायत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. सामायिक मालमत्ता वापरणारे लोक स्वतः नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखवलं. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरची फड पद्धत अशीच. पाटाचं पाणी पाळीने, आणि पाट दुरुस्तीही पाळीने.

पाळी कोणाचीच नसली की काय होतं ते आपल्या धारण तलावांत दिसतं. खाडीचं पाणी गाळ घेऊन येतं. वर्षानुवर्षं तो उपसला गेला नाही. गाळ साचला तशी त्यात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवली, वाढली, काही तलावांत त्यांची दाटी झाली. आता पेच असा की तिवरं हीसुद्धा सार्वजनिक वस्तूच. लाटांचा जोर तोडतात, मासळीची पैदास त्यांच्या मुळांत होते. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा घाला आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. तो निकाल फार मोलाचा आहे, माझ्या मते या किनाऱ्यासाठी गेल्या पन्नास वर्षांत झालेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींपैकी एक. त्यामुळे तलावातली तिवरं काढायची तर न्यायालयाची परवानगी लागते. मग एका बाजूला पुराच्या भीतीने कावलेले रहिवासी, दुसऱ्या बाजूला पर्यावरण जपणारे, आणि दोघं एकमेकांना दोष देतात. दोघांचंही भांडण ज्याच्याशी हवं ते तिसरंच आहे. दरवर्षी गाळ न काढून वाचवलेला तो पैसा. त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तो बचत म्हणून दिसला असेल. खरं तर तो पुढच्या लोकांच्या नावावर काढलेला खर्च होता. बाह्यता म्हटलं की आपण शेजारच्या घराचा विचार करतो, पण सर्वांत सोपं असतं ते वीस वर्षांनंतरच्या शेजाऱ्यावर खर्च ढकलणं. तो सभेला येऊन हरकत घेऊ शकत नाही.

मोकळ्या पाणथळ जागेची गोष्ट याहून कठीण. तलावाला निदान कागदावर काम नेमून दिलेलं आहे. बाकीचं खाजण, दलदल, तळी यांना कागदावर किंमत शून्य, आणि भूखंड म्हणून विकली तर चौरस मीटरला लाखांत. अशा तराजूत पारडं कुठे झुकणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पामबीच रस्त्यालगतची पाणथळ जागा गोल्फ कोर्स आणि निवासी संकुलासाठी देण्याचा वाद न्यायालयात गेला तो यातूनच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण भरतीला खाडी भरली की ते पक्षी बसायला याच अलीकडच्या तळ्यांवर येतात. अभयारण्य राखायचं आणि भरतीच्या वेळी बसायची जागा विकायची, हे एकाच घराची बैठक ठेवून स्वयंपाकघर विकण्यासारखं आहे. मला फ्लेमिंगो आवडतात, आणि ही जागा फक्त त्यांच्यासाठी राखली तरी माझी तक्रार नाही. पण ज्यांना पक्ष्यांशी देणंघेणं नाही त्यांनीही तिच्याकडे पाणी मावणारी जागा म्हणून बघावं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. तसा पाऊस पुन्हा येईल तेव्हा भूखंड विकून आलेल्या पैशात पाणी मावणार नाही.

यावर सुशिक्षित मंडळींकडून एक उत्तर हमखास येतं. नुकसान करणारा आणि सोसणारा यांनी आपसांत बोलून सौदा करावा, सरकारने मध्ये पडू नये. त्यासाठी रोनाल्ड कोज यांच्या १९६०च्या लेखाचा दाखला देतात. कोज यांना असं अर्धंच वाचू नये. सौदा करायला काहीच खर्च येत नसेल तर तो होईल, असं ते म्हणाले, आणि खऱ्या जगात तो खर्च येतोच, हाच त्यांच्या लेखाचा गाभा आहे. आमच्या नाल्याला शेकडो सोसायट्यांचं, दुकानांचं, रस्त्यांचं पाणी मिळतं. पोळ्या करणाऱ्या बाईंनी यातल्या कोणाच्या गेटवर जाऊन सौदा करायचा? वॉचमन आत तरी सोडेल का?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. नवी मुंबई महापालिकेने पावसाच्या पाण्याचं शुल्क लावावं. ते घराच्या किमतीवर नको, झाकलेल्या जमिनीवर हवं. छप्पर, काँक्रीट, पेव्हर मिळून जितके चौरस मीटर, तितकं शुल्क. जितकं पाणी आवारातच धराल तितकी सूट. आणि जमा होणारा पैसा वेगळ्या खात्यात, फक्त नाले, झडपा आणि धारण तलावांसाठी.

हे कल्पनेतलं नाही. बर्लिनमध्ये २०००पासून पावसाच्या पाण्याचं शुल्क सांडपाण्यापासून वेगळं काढून झाकलेल्या क्षेत्रफळावर लावतात, आणि जर्मनीतल्या अनेक शहरांत ही रीत आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २०१०पासून बिगरनिवासी मालमत्तांना असाच हिशेब लावायला सुरुवात केली. त्याआधी तिथे हा आकार नळाच्या मीटरशी बांधलेला होता. त्यामुळे ज्या वाहनतळांना नळजोडणीच नव्हती ते शहराच्या गटारात धो-धो पाणी सोडूनही काही भरत नव्हते. ते चित्र आपल्याला ओळखीचं वाटावं. एपीएमसीची आवारं, एमआयडीसीतल्या शेडची पत्र्याची छपरं, मॉलचे वाहनतळ डोळ्यांसमोर आणा.

मालमत्ता कर भरतोच की, असं लगेच म्हटलं जाईल. भरतो. त्या बिलात झाडांसाठीचा उपकर असतो, शिक्षणाचा असतो. पण मी आवार मातीचं ठेवलं काय आणि काँक्रीटचं केलं काय, बिल तेवढंच येतं. ज्या कराने माझ्या वागण्यात फरक पडत नाही तो तिजोरी भरेल, पाणी अडवणार नाही. मोजणी अवघड आहे हेही कारण चालणार नाही. महापालिकेने मालमत्तांचं लायडार सर्वेक्षण, म्हणजे लेझर किरणांनी केलेली मोजणी, कर आकारणीसाठीच हाती घेतलं होतं, आणि आकाशातून छप्पर दिसतं तसा पेव्हरही दिसतो.

गरिबावर बोजा पडेल, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. उदाहरणादाखल चौरस मीटरला वर्षाला दहा रुपये धरू. आमच्या सोसायटीचं झाकलेलं क्षेत्र अठराशे चौरस मीटर, म्हणजे अठरा हजार रुपये, चाळीस घरांत वाटले तर घरामागे वर्षाला साडेचारशे. वीस हजार चौरस मीटर झाकणाऱ्या मॉलला दोन लाख. बैठ्या घराचं छप्पर तीस चौरस मीटरचं, त्याचे तीनशे होतील, आणि तेही माफ करावेत. ठरावीक क्षेत्रफळाखालच्या घरांना शुल्क नाही, असं सरळ लिहावं. आज ती घरं खूप जास्त भरतात. फक्त महापालिकेत भरत नाहीत, गव्हाच्या पोत्यांत आणि बुडालेल्या रोजांत भरतात.

शोषखड्डे केले की झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. खाडीलगतच्या भरावाच्या सेक्टरांत जमिनीखाली पाणी आधीच वर असतं, तिथे खड्ड्याची मर्यादा लवकर येते. तिथे छपराचं पाणी टाकीत धरणं आणि भरती उतरल्यावर सोडणं हाच उपाय. सूट त्याला द्यावी. कायद्यात बदल लागणार असेल तर विधिमंडळाने तो करावा. आणि कोणत्या तलावातला किती गाळ कधी काढला, झडप शेवटची कधी तपासली, हे प्रत्येक तलावाच्या काठावर फलकावर लिहावं. फिरायला येणारे वाचतील.

महापालिका हे करेल तेव्हा करेल. आमच्या येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी विषय दिला आहे. मागच्या बाजूला गाड्या लागत नाहीत तिथले दोनशे चौरस मीटर पेव्हर उखडायचे, आणि गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपांखाली टाक्या बसवायच्या. सूचनेची प्रत खालच्या बैठ्या घरांच्या मंडळालाही पाठवावी आणि त्यांच्यातल्या दोघांना सभेला बोलवावं, असं मी त्यात लिहिलं आहे. सचिव म्हणाले, ते आपले सभासद नाहीत, त्यांना बोलावण्याची तरतूद उपविधीत नाही. मी त्यांना हे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं आहे, आणि शेजारी ठरावाची जुनी तारीखही.